सुलाबाईंची वाटी

आमच्या शेजारचे नाथाभाऊ मूळचे चांदवडकडचे, आता सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माणूस सज्जन, पण कौतुकाच्या बाबतीत कोरडा ठणठणीत. बायकोनं, चंद्रभागेनं, काहीही रांधून वाढलं तरी शब्द एकच: "बरंय." लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, त्यापुढे गाडी कधी सरकली नाही.

तर मागच्या महिन्यात कारखान्यात एक ट्रेनिंगवाले साहेब आले. म्हणाले, माणसांना ॲप्रिशिएट करा. नुसतं गुड-गुड नको; आधी नीट बघा, नेमकं काय आवडलं ते हेरा आणि मग चारचौघांत, तोंडावर सांगा.

नाथाभाऊंनी सराव सोसायटीतच सुरू केला. वॉचमन सोमाला म्हणाले, "सोमा, गेट लय छान उघडतोस." सोमा दोन दिवस घाबरून होता. मला म्हणाले, "वहिनी, तुमचा आवाज पार तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ पोचतो." मी म्हटलं, "भाऊ, हे कौतुक की तक्रार? आणि गावभर वाटत सुटलात, घरचीला कधी?"

लाजले. म्हणाले, "रविवारी शेखर येतोय ना लासलगावहून. त्याच्यासमोरच करतो की."

शेखर म्हणजे चंद्रभागेचा भाऊ. मी ही बातमी पोटात ठेवणार होय? लगेच चंद्रभागेला सांगितली. ती हसली नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "माहेरच्यांसमोर एक शब्द जरी बोलले ना, सुलाताई, मला लय झालं."

रविवारी तिनं पहाटेच गच्चीवर चूल मांडली, खापर पालथं घातलं आणि मांडे केले. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत नेते बाई, रुमालासारखा पातळ, फाटत नाही. हात भाजून लाल. मी आपली वाटीभर खुरासणीची चटणी नेऊन दिली आणि वाढायला थांबले. ऐकायचं होतं ना!

पंगत बसली. शेखर, त्याची बायको पूजा, मध्ये नाथाभाऊ. दूध-तुपाबरोबर दोन मांडे खाऊन झाले, तरी तोंडातून शब्द नाही. मी दारातून डोळे मोठे केले. तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"शेखर, आज मला तुझ्या बहिणीला ॲप्रिशिएट करायचंय."

चंद्रभागेच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच थांबलं.

"ही चटणी बघ. खमंग! मीठ, तिखट, सगळं बेतात. अशी चटणी चंद्रभागेशिवाय कुणाला जमायची नाय."

पूजानं वाटी उचलली, कडेवर कोरलेलं नाव वाचलं आणि खुदकन हसली. "दाजी, हिच्यावर तर सौ. सुलाबाई लिहिलंय!"

शेखर हसला. मग बहिणीकडं पाहून त्यानं हसू आवरलं. चंद्रभागा एवढंच म्हणाली, "माझे मांडे हायेत. अजून वाढू का?"

नाथाभाऊंचे कान लाल झाले. मान खाली गेली ती पाहुणे निघेपर्यंत वर आली नाही. माझ्या जिभेवर चार टोमणे आले होते, ते मीही गिळले.

दुसऱ्या दिवशी ते दारात. रिकामी वाटी परत करू नये, म्हणून आत उरलेल्या पुरणाचा मांडा, घडी घातलेला.

"वहिनी, आज सकाळी ती गच्चीवर मांडे करताना समोर बसून बघितलं. कोपराला भाजल्याचे डाग हायेत. जुने हायेत. मला ठाऊकच नव्हते."

"हे मला काय सांगता? तिला सांगा."

"कुठल्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात त्यांच्या घरातून आवाज आला, "सुलाताईंच्या दारात काय उभे राहिलात? ताट मांडलंय."

ते आत गेले. दार लागलं. अर्थात मी कान लावला. नाथाभाऊंचा आवाज, अगदी बारीक:

"आण, वाढायचं ते मी वाढतो. तू बस."

ॲप्रिशिएट वगैरे काही ऐकू आलं नाही बाई. पाट सरकल्याचा आवाज मात्र आला.