दोन चमचे द्राक्षासव

दादाची टेस्ट पॉझिटिव्ह आली हे कळल्या कळल्या मी काय केलं, तर त्याच्या खोलीतला कचऱ्याचा डबा उपडा केला. मग कपाट, मग गाडीची डिकी. बाटली कुठेच नाही! बाबा दारात येऊन म्हणाले, "गादीखाली बघितलंस?" म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं.

दारू पिऊन गाडी चालवताना दादा दुसऱ्यांदा पकडला गेला तेव्हा त्याला चॉइस मिळाला होता, जेल नाहीतर कोर्टाचा ट्रीटमेंट प्रोग्राम. प्रोग्राम म्हणजे ग्रुप थेरपी, कधीही बोलावून युरिन टेस्ट, आणि सारखं जजबाईंसमोर उभं राहून कसं चाललंय ते सांगायचं. दारूचा थेंब चालत नाही, साधा माउथवॉशसुद्धा नाही. प्यायलास आणि वर खोटं बोललास तर आऊट, थेट जेल. नोकरी गेलीच मग.

आणि इतकं मस्त चाललं होतं यार! इकडे बॉथेल गावात आमच्या घरीच राहायला आला होता, आईशी भांडून भांडून भाजी चिरायचा, हसायचा. आणि मधेच हे.

"बिअर नाही, व्हिस्की नाही, कशाला हात लावला नाही मी," दादा म्हणत होता.

"तुझं हे आम्ही खूपदा ऐकलंय," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आई किचनमधून म्हणाली, "खोकला किती झाला होता त्याला. मी फक्त द्राक्षासव दिलं. दोन चमचे, कोमट पाण्यातून."

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, आसव आहे ते! आंबवलेलं असतं! अल्कोहोल असतं त्यात!"

"औषध आहे. लहानपणी दोघांनाही दिलंय मी."

हो, दिलंय! पुण्याहून कोणी ना कोणी बाटली आणायचंच, आणि आम्ही चमचा चाटूनपुसून द्यायचो. मी तर नाचायलाच लागले. दादा निर्दोष! कोर्टात जाताना गाडीत मी आईकडून सगळं घोकून घेतलं, उभं कधी राहायचं, जजना काय सांगायचं. दादा पुढे बाबांच्या शेजारी बसला होता. मी म्हटलं, "तू काही बोलूच नकोस, आई सांगेल." तो म्हणाला, "हं."

कोर्टात पोचल्यावर मी दोनदा बाथरूमला जाऊन आले. दादाच्या आधी एक मोठ्या दाढीवाले काका उभे होते, त्यांचं सगळं छान चाललंय म्हटल्यावर अख्ख्या कोर्टाने टाळ्या वाजवल्या, जजबाईंनीसुद्धा. तिथे तशीच पद्धत आहे. मग दादा. आई अर्धी उठली.

दादा वळला. "आई, बस."

मग तो जजना इंग्लिशमध्ये म्हणाला, पहिल्या दिवशी आईने खोकल्यासाठी दिलं, त्यात काय असतं ते मला माहीत नव्हतं. पण घशाखाली उतरल्या उतरल्या मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी खोकला नव्हता, तरी मी मागून घेतलं. नंतर आई देवळात गेली तेव्हा बाटली तोंडाला लावली.

मला इतका राग आला! सुटला होता ना तो! आई खाली बसली ती माझ्याकडे बघेचना. जजबाईंनी विचारलं, "हे वकिलाला सांगितलंय?"

"नाही. घरीही नाही."

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, वीकेंड जेलमध्ये, आत्तापासूनच, आणि प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून. "तुझ्या आईला पुढे करून निघून गेला असतास आणि मला नंतर कळलं असतं, तर आज प्रोग्राम संपला असता तुझा."

मागून ते दाढीवाले काका टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. पोलीस येऊन दादाला बाजूच्या दाराने घेऊन गेला.

"टाळ्या कशाला वाजवतायत गं?" आईने हळूच विचारलं. "त्याला तर नेतायत."

"तो खरं बोलला म्हणून."

आई त्या बंद दाराकडे बघत राहिली. पुढच्या माणसाला बोलावलं, सगळे शांत झाले, आणि तेव्हा कुठे आईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीनेच. जजबाई थांबल्या. बाबांनीही तिला थांबवलं नाही.