तबकातली साडी

इचलकरंजीहून आमचा सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा सायली दोन वर्षांची होती. आईने हातावर दही घातलं आणि म्हणाली, "पोरीची शाळा सुरू व्हायच्या आत परत ये." दादा, तू टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत चालत आलास. आता तीच सायली इथे म्हैसूरमध्ये नोकरी करते, आणि मी अजून दर दिवाळीत तुला 'रिटायर झालो की आलोच' म्हणतो. इथल्याच बोगादी भागात स्वतःचं घर बांधलं, तरी भिंतीत खिळा ठोकताना हात आखडतो.

परवा सायलीने आम्हाला मल्याळम सिनेमाला नेलं. बरोबर तिचा मल्याळी मित्र अनूप आणि त्याची आई. घरगुती प्रेमकथा होती. खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत माणसं पुढे गेलेली असायची. एका प्रसंगात समई लावली, मुलाने मुलीच्या गळ्यात काहीतरी बांधलं, तबकातून साडी दिली, आणि लगेच ती त्याच्या घरी सांबार ढवळायला लागली! आमची ही कुजबुजली, "साखरपुडा झाला, लग्न कधी?" मीही मंगलाष्टकांची वाट बघत होतो. मध्यंतरात अनूपच्या आईला विचारलं, तर त्या हसून कन्नडमध्ये म्हणाल्या, "अदे मदुवे!" म्हणजे तेच लग्न. अंतरपाट नाही, मानपान नाही, रुसायला मामा नाही. दहा मिनिटांत पोरगी परक्याची.

मग मला एकदम आठवलं. ओणमला याच बाई आमच्याकडे आल्या होत्या. सायलीला देवासमोर उभं करून त्यांनी तबकातून सोनेरी काठाची साडी दिली होती. आणि सवाष्ण रिकामी कशी पाठवायची, म्हणून आमच्या हिने खणानारळाने त्यांची ओटी भरली होती. म्हणजे आम्ही लेक देऊन बसलो की काय? पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही. पडद्यावरचा बाप कशासाठी रडत होता कुणास ठाऊक, मीही डोळे पुसले.

घरी आल्यावर सायलीला सरळ विचारलं. ती पोट धरून हसली. "अय्यो बाबा, सुम्ने, उगीच आपली ओणमची भेट ती! सगळ्यांना देतात." मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. वाईट का, ते अजून कळलेलं नाही.

मग तिने हसू आवरलं. म्हणाली, "पण अनूपने विचारलंय. मीच अजून उत्तर दिलं नाही."

"का गं? आवडत नाही?"

"आवडतो. पण तुम्ही इचलकरंजीला जाणार. मग माझं माहेर कुठे? तिथले रस्तेसुद्धा मला माहीत नाहीत."

दादा, जात, भाषा, खोबरेलातल्या भाज्या, सगळ्यावर माझे मुद्दे तयार होते. यावर एकही नव्हता. रात्रभर तळमळलो. तुझ्या शेजारी म्हातारं व्हायचं ठरवलं होतं मी, आणि ते मला अजून हवंय. पण लेक जिथे हक्काने चप्पल काढून आत येईल, ते घर मी इथेच बांधून बसलोय, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी चहा देताना तिला म्हटलं, "तुला हो म्हणायचं असेल तर म्हण. आम्ही कुठेही जात नाही." दादा, तू समोर असतास, तर हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.