येऊन राहिला, येऊन राहिली

आमच्याकडं 'येऊन राहिला' म्हणजे येतोय, वाटेत आहे. पुण्याकडच्या माणसाला वाटतं, आला आणि मुक्कामच ठोकला. माझा दादा याच दोन शब्दांवर मोठा झाला. परदेशात शिकला, ईश्वरविज्ञानावर जाडजूड पुस्तकं लिहिली, शेवटी बिशप झाला. त्याचं म्हणणं असं, की देव नुसता येत नाही, येतो आणि राहतो. आपल्या बोलीला हे आधीच ठाऊक आहे. ऐकणारे माना डोलवतात. माझा मात्र जळफळाट होतो. कारण नवरा गेल्यावर मी परत आले, तेव्हापासून गल्ली माझ्याबद्दल हेच बोलते, "ती व्हय, माहेरी येऊन राहिली." त्याच शब्दांनी त्याला जांभळा झगा मिळाला. मला भाकरी, धुणं आणि मायचं पथ्यपाणी.

गेल्या महिन्यात दादा आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या विधीला, म्हणजे पोरांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांचा विश्वास पक्का करायला आला. लोक मोटारसायकली घेऊन वारंगा फाट्यापर्यंत सामोरे गेले. उपदेशात पुन्हा तेच. "देव येऊन राहिला," म्हणाला, "आणि हे मला माझ्या मायनं शिकवलं." पहिल्या बाकावर माय पदरानं डोळे पुसत होती. तिच्या गोळ्या, तिचे रुसवे, सगळं मी बघते. आणि शिकवलं म्हणे त्याला! एकदा तरी त्यानं माझ्याकडं हात करून म्हणावं, ही बघा, ही राहिली. एवढंच मला हवं होतं. तो हार घालून घेण्यात गुंग.

दुपारी घरी आला, दोन घास खाल्ले, मायच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि गाडीत बसला. त्याला पोचवून मी आत आले, तर मायनं माझ्याच खाटेवर नवी चादर घातलेली. दमले होते, जरा टेकले, तशी ती खेकसली, "उठ तिथून. दादाची हाय ती."

"दादा गेला, माय."

"काहून जाईल? येऊन राहिला म्हनला ना, समद्यांसमोर!"

"ते देवाचं बोलत होता. येऊन राहिले ती मी."

मायनं चादरीची सुरकुती हातानं सरळ केली.

"तुझं काय," म्हणाली, "तू तर हायसच."