एकट्याला मांडा नाही

रविवारी संध्याकाळी आमच्या अमरावतीतल्या मेस बंद असतात. हा नियम कोणी काढला ते मला माहीत नाही, पण ज्यानं काढला त्याला स्वतःला कधी भूक लागली नसावी. दुपारी पुरी-भाजी अन् वाटीभर श्रीखंड वाढायचं, त्याला फीस्ट म्हणायचं, आणि संध्याकाळी दाराला कुलूप. मग हॉस्टेलातले, भाड्याच्या खोल्यांतले सगळे पोट्टे-पोट्ट्या दिवस मावळला की रस्त्यावर. ज्याचा खिसा गरम तो हॉटेलात जातो. बाकीचे गिलावड्याच्या, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्याच्या, एका प्लेटीवर तिघं मिळून तुटून पडतात, नाहीतर एक आलूबोंडा घेऊन पुन्हा पुन्हा रस्सा मागतात. मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे, कारण कॉलेजच्या मागच्या गेटासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पोट्टे मला गजेंद्रभाऊ म्हणतात. पाठीमागं खडूस म्हणतात, तेही मला माहीत आहे.

वच्छलाबाई खंडारे आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडलो मी, ती नुसती उभी होती. मागच्या गल्लीतल्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा संघपाल अकोल्याच्या एमआयडीसीत एका दालमिलमध्ये नुकताच कामाला लागलेला. एका रविवारी ती माझ्या दुकानापाशी आली. शटर बंद होतं. मी मागच्याच खोलीत राहतो, तिथून तिनं मला हाक मारून बाहेर काढलं.

"भाऊ, रविवारी सांजच्याला तुमचा ओटा रिकामाच असते. मी तिथं चूल मांडू का? पोट्ट्यांसाठी मांडे करीन म्हनते."

"धूर होईन. माहे कागद काळे पडतीन."

"शटर तं बंदच असते."

"अन् मले काय भेटन?"

"दर रविवारी मांडा."

मांडा म्हटल्यावर मी धूर विसरलो आणि हो म्हणालो. पुण्याकडच्या लोकांना मांडा म्हटलं की गोडाचा आठवतो, तो हा नव्हे. आमच्याकडे चुलीवर मडकं पालथं घालतात. गव्हाचं पीठ इतकं सैल मळतात, की ते हातात ठरू नये. मग ते आपटायचं, ओढायचं, पुन्हा आपटायचं, तेव्हा कुठं त्याला तार येते. त्याचा गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत टाकत कोपरापर्यंत पसरवायचा आणि उपरण्याएवढा झाला, की एका झोक्यात तापल्या मडक्यावर. हातात बांगडी असली तर मांडा फाटतो. म्हणून वच्छलाबाई कामाला बसण्याआधी बांगड्या काढून माझ्या शटरच्या कडीत अडकवायची. एका मांड्यात चार जणांचं पोट भरतं. सोबत वांग्याची भाजी, तिच्यावर हिरवागार सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि ज्याची छाती असेल त्याला ठेचा. चौघांनी वाटून घेतलं तर खिशाला कळतसुद्धा नाही.

पहिल्या रविवारी मी मोठ्या थाटात ताट घेऊन बाहेर आलो. तिनं मडक्यावरची नजर न काढता विचारलं, "किती जन?"

"किती म्हंजे? मीच."

"येकट्याले मांडा नाही भेटत, भाऊ."

"अवो बाई, जागा माही हाय."

"जागा तुमची. मांडा माहा."

"आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं तसं देतेच ना. कोनासंगं बसा अन् खा."

माझं डोकंच फिरलं. आपल्याच ओट्यावर आपल्यालाच नियम. मी पाय आपटत आत गेलो आणि चहात पाव बुडवून खाल्ला. शटरच्या फटीतून भाजलेल्या गव्हाचा वास आत येत होता. पाव मला गिळवेना. पुढच्या रविवारी मुकाट्यानं बाहेर आलो आणि अनुपच्या घोळक्यात जाऊन बसलो. हा अनुप परतवाड्याचा. नोट्सची चार पानं बारीक करून एका पानावर बसवून द्या म्हणून रोज माझं डोकं खायचा, आणि मी रोज त्याला हाकलायचो. त्यानं सरकून जागा दिली, मांड्याचा मधला मऊ भाग माझ्या ताटात टाकला आणि म्हणाला, "भाऊ, उद्या चार पानं येका पानावर?" मी हो म्हणालो. तोंडात घास असताना माणूस काहीही बोलून जातो.

असा नियम काहून, हे मी तिला नंतर विचारलं. मला वाटलं होतं काही दुःखाची कहाणी निघेल. तसलं काही नव्हतं.

"मेसमंधी पाहते ना मी," ती म्हणाली. "ताट घेतलं, मोबाईल गिलासाले टेकवून उभा केला, अन् जेवले. काय खाल्लं इचारलं तं सांगता येत नाही. चांगलं झालं म्हनत नाही, बेकार झालं म्हनत नाही. भाऊ, मी येवढं पीठ आपटून राहिली, खांदे भरून आले, अन् कोनी दोन शब्द बोलू नाही? चार जन बसले म्हंजे कोनी ना कोनी बोलतेच."

तिच्या हाताचं कौतुक सगळेच करतात. मला तिच्या डोळ्यांचं जास्त होतं. मडक्यावर मांडा टाकता टाकता ओट्यावर कोण कुठं बसलंय हे तिला दिसायचं. कुणाचं कुणाशी फाटलंय, कोण नवीन आहे, कोण नुसतं पाणी पिऊन वेळ काढतंय, सगळं. एका रविवारी संत्र्यांच्या मुलखातली, शेंदूरजनाघाटची वर्षाली आली, हॉस्टेलात तिचे पहिलेच दिवस. एकटीला मिळत नाही हे ऐकून पोरगी खाली मान घालून निघाली. चुलीपासून आवाज आला, "ओ पोरी, थो चष्मेवाला भाऊ दिसते का? त्याच्यापाशी बस. तोंड वाकडं हाय, पन चावत नाही." सगळा ओटा हसला. मीही हसलो असेन, अंधार पडला होता म्हणून कुणाला दिसलं नाही. वर्षाली बसली. मग मी विचारलं, संत्र्याचा बहार कसा आहे यंदा, आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. पुढच्या वेळी घरून येताना पिशवीभर संत्री घेऊन आली आणि ओट्यावर सगळ्यांना वाटली. मांड्यावर संत्रं, कॉलेजच्या भिंतीला टेकून गाणी, अनुपच्या नकला, त्यात माझीही एक. ह्याहून स्वस्त मजा मी तरी पाहिली नाही.

ही बाई मला फार मोठी वाटायची. उगाच कोणी दुसरा अर्थ काढू नये म्हणून स्पष्ट सांगतो, माझी बायको गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही दोघंच. आठवडाभर मी लोकांशी बोलायचो ते पाठपोट की एकाच बाजूनं, एवढंच. रविवारी मात्र मी माणसांत बसायचो, आणि ते तिनं घडवून आणलं होतं. मला ते गमवायचं नव्हतं.

आणि नेमका संघपाल आला. रविवारीच आला, सरळ ओट्यावर. पोरगा चांगला, कष्टाळू. आईला अकोल्याला न्यायचं त्याच्या मनात होतं. "आई, किती दिवस पीठ आपटशीन? खोली घेतली हाय मी. चाल आता, आराम कर." ती हसून टाळत होती. त्याला भूक लागली होती, त्यानं ताट पुढं केलं. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं?

"कोनासंगं बस," ती म्हणाली.

तो बिचारा माझ्या, अनुपच्या आणि वर्षालीच्या मध्ये येऊन बसला. वच्छलाबाईनं पुढचा मांडा मडक्यावर टाकला आणि तिकडूनच विचारलं, "तू तिकडं कोनासंगं जेवतं रे?"

"कोनासंगं म्हंजे? डबा येते. खोलीवर खातो."

"येकटाच?"

संघपाल मांड्याचा तुकडा तोडत राहिला. मडक्यावरचा मांडा काळा पडला, तरी तिला कळलं नाही. तिच्या हातून मांडा जळलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तेव्हाच समजलो की बाई जाणार.

दोन दिवसांत तिनं मेस सोडली. निघताना मडकं घेऊन माझ्याकडे आली. खोली लहान, तिथं गॅस आहे, हे काळं धूड कशाला, असं संघपालचं म्हणणं.

"भाऊ, हे आत ठेवा. नवं मडकं तडकते, हे जुनं पक्कं झालं हाय. ओल लागू देऊ नोका."

मला म्हणायचं होतं, नका जाऊ. पण ज्या बाईनं अख्ख्या गावाला एकटं जेवू दिलं नाही, तिच्या पोराला मी एकटं जेवायला कसं सांगणार? "जा ना मंग," मी म्हणालो. "पोरगा वाट पाहून राहिला." मग आत जाऊन बराच वेळ मशीन पुसत बसलो.

पुढच्या रविवारी पोट्टे सवयीनं ओट्यापाशी आले, थोडं घुटमळले, आणि गिलावड्याच्या गाडीकडे गेले. त्याच्या पुढच्या रविवारी कमी आले. मग कोणीच नाही. शटरची कडी रिकामी. मी पुन्हा चहा-पावावर आलो. मडकं कागदाच्या रिमांशेजारी ठेवलं होतं. येणारे जाणारे विचारायचे, भाऊ, हे काय? मी म्हणायचो, तुमाले काय करायचं हाय?

मग एका शनिवारी वर्षाली झेरॉक्स काढायला आली. कागद दिले आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ, काल वच्छलामावशीसोबत बोलली मी फोनवर. संघपालदादाले दुपारपाळी लागली. तो रातच्याला येते. मावशी सांजच्याला येकटीच जेवते."

"बरी हाय ना?"

"बरी हाय म्हने. मी इचारलं, मावशी, आज काय खाल्लं? तं म्हने, आठवत नाही वो पोरी."

राग आला मला. दालमिलचा, पाळ्यांचा, त्या खोलीचा, आणि मडक्यासमोर बसून चहात पाव बुडवणाऱ्या माझा स्वतःचा.

"उद्या अकोल्याले चालतं का?" मी म्हणालो. "तुह्या मैत्रिनीले घे. त्या अनुपले सांग."

"आमी काहून?"

"मी येकटा गेलो तं मांडा भेटन का मले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. पीठ वर्षालीजवळ, सांभार तिच्या मैत्रिणीजवळ, वांगी अनुपजवळ, आणि मडकं जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या मांडीवर. गर्दी होती. मूर्तिजापूरला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्यावर कोपर टेकवायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. अनुप म्हणाला, भाऊ, पोरगं असतं तर एवढं जपलं नसतं. मी त्याला गप्प बस म्हणालो.

एमआयडीसीच्या मागं टिनाच्या खोल्यांची एक रांग, पुढं मोकळं अंगण. प्रत्येक दार लावलेलं. वच्छलाबाईनं दार उघडलं आणि आधी आमच्याकडे पाहिलंच नाही. मडकं माझ्या हातातून घेतलं, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, कान लावला.

"ओल नाही लागू देल्ली," मी म्हणालो. "आमी चार जन हाओत, बाई."

ती तशीच मडकं धरून आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हात मोकळे. बांगड्या तिनं माझ्यापुढं धरल्या. "इथं तुमच्या शटरची कडी नाही. तुमीच ठेवा." मी त्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

अनुपनं तीन विटा मांडल्या, कुठून तरी लाकडं आणली. बाई पीठ आपटायला बसली. पहिला मांडा मडक्यावर पडला आणि वास सुटला, तशी रांगेतली दारं एकेक करून किलकिली झाली. त्या रविवारी मिल चालूच होती; आईनं चूल पेटवल्याचं कोणीतरी कळवलं असावं, संघपाल जेवणाच्या सुटीत धावत आला आणि अंगणात आम्हाला पाहून थबकला. "बस," ती म्हणाली. तो बसला. मग तिनं हातातला मांडा संपवला, पदराला हात पुसले, आणि स्वतःही येऊन आमच्यात बसली. एवढ्या रविवारांत मी तिला कधी बसून जेवताना पाहिलं नव्हतं. पहिला घास खाऊन म्हणाली, "मीठ कमी झालं." अनुप म्हणाला, "लय कमी." ती हसायला लागली.

पुन्हा उठून तिनं कोपरापर्यंत पीठ घेतलं, तेवढ्यात शेवटच्या खोलीतला एक माणूस डबा हातात घेऊन आला. मिलचाच असावा, केसांवर डाळीची पिवळी भुकटी होती.

"बाई, येक मांडा भेटन का?"

तिचे दोन्ही हात गुंतले होते. मीच त्याच्याकडे वळलो.

"किती जन?"

"मी येकटाच हाओ."

"येकट्याले नाही भेटत," मी म्हणालो.

त्यानं आमच्या पंगतीकडे पाहिलं. मग मागं वळला आणि शेजारच्या दाराची कडी वाजवायला गेला.