किसनाच्या अपिलातला माझा जबाब

हे मी कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात दिवसचे दिवस तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

चिखली तालुक्यातल्या एका लहान गावात मी शाळामास्तर होतो. किसना माझ्या बरोबरीचा, शेजारच्या घरातला. त्यांचा भाजीचा मळा होता. दुसरीतच शाळा सोडून तो मोटेवर गेला, मी पुढे शिकलो. पण दोस्ती राहिली. दोस्तीच म्हणायची ना तिला? मी तरी तसंच म्हणत आलो.

मला लहानपणापासून पीनस. नाक बारा महिने वाहायचं, भुवयांच्या वर ठणका लागायचा, थंडीत तर पिवळा पू यायचा. आई ओव्याची धुरी द्यायची. शाळेत मला सगळे शेंबड्या म्हणायचे. किसना नाही म्हणायचा. उलट, जो म्हणेल त्याला तो पाणवठ्यामागे धरून बडवायचा. एवढं लक्षात ठेवा. मी तर ते कधीच विसरलो नाही — आणि तरीही.

पहिलं मोठं युद्ध सुरू होतं. चिखलीच्या बाजारात पलटणीची भरती आली. आम्ही दोघं पायी गेलो. डॉक्टरने माझी एक नाकपुडी बोटाने दाबली आणि म्हणाला, घे श्वास. मला घेता येईना. त्याने दुसरी दाबली. मग हात पुसला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. किसनाची छाती मोजून तो हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा आवाज मला अजून ऐकू येतो. परत येताना मी एकटाच होतो.

किसना खेचरांच्या पलटणीत समुद्रापार अरबांच्या मुलखात, बसऱ्याकडे गेला आणि लाम — लढाईला आमच्याकडे लामच म्हणायचे — संपल्यावर परत आला तो आजारी होऊन. तिकडे वाळूच्या वादळात खेचरं हाकता हाकता त्याला ताप भरला, सर्दी डोक्यात गेली. तंबूतल्या दवाखान्यात गालाच्या हाडाला भोक पाडून पू काढला म्हणे. तेव्हापासून कपाळ ठणकायचं, नाकातून घाण यायची. खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी. मळ्यात वाकल्याशिवाय कोणतं काम होतं? सगळं त्याची बायको सरू करायची. त्याला सरकारचं थोडं पेन्शन सुरू झालं होतं.

म्हणजे बघा — माझाच रोग त्याला झाला होता. पण मी शेंबड्या, आणि तो हवालदार. हवालदार तो कधीच नव्हता, पण गाव म्हणायचं. पाटील त्याच्यासाठी घोंगडी टाकायचे. माझी आई मला ऐकवायची, "तो पाह्य तं, दुनिया पाहून आला." माझी बायको — ती माझ्याशी घरात चार शब्द बोलायची नाही, पण किसना ओसरीवर बसला की दाराआड उभी राहून विचारायची, तिकडं खजुराची झाडं केवढाली असतात? आणि हसायची. तो काही वावगं बोलला नाही. तिनेही काही केलं नाही. नुसतं ते हसणं मी आत बसून ऐकायचो.

काही वर्षांनी पलटणीच्या डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासलं आणि पेन्शन बंद केलं. नाकाचा विकार नोकरीमुळे झाला असं दिसत नाही, भरतीच्या आधीचाच असावा, असं त्यांचं म्हणणं. किसना कागद घेऊन माझ्याकडे आला.

"मास्तर, अपील तूच लिव. तुह्याएवढं मले कोन वळखते?"

मी लिहिलं. खोटं नाही सांगत, मन लावून लिहिलं. पेन्शन चालू ठेवावं, आणि पलटणीच्या मोठ्या दवाखान्यात नाकावर इलाज व्हावा, अशा दोन मागण्या. चौकशीसाठी गावातला जाणता साक्षीदार म्हणून मी माझंच नाव घातलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. की होतं? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे.

चौकशीला तहसीलदार शाळेत आले. शाळेत खुर्ची एकच — माझी. त्यांच्यासाठी पाटलांच्या घरून दुसरी आणली होती. किसनाचं डोकं त्या दिवशी फार दुखत होतं, भिंतीला धरून उभा होता. तहसीलदारांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा जवान, उभे राहू नका." किसना बसला. पोरं टकमक बघत होती. मी माझ्याच शाळेत माझ्याच खुर्चीशेजारी उभा, हातात दऊत धरून. तहसीलदार त्याला लामाच्या गोष्टी विचारू लागले. माझ्याकडे त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मग पोरांना सुट्टी दिली, किसनाला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "मास्तर, लामावर जाण्याआधी याला नाकाचा काही त्रास होता?"

मी म्हणालो, "होता, साहेब."

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. थांबलो नाही. लहानपणापासून नाक वाहायचं, म्हणालो. थंडीत पू यायचा. आई ओव्याची धुरी द्यायची. शाळेत सगळे त्याला शेंबड्या म्हणायचे. कारकून भराभर लिहीत होता. एकही शब्द मला जुळवावा लागला नाही — सगळं माझंच होतं. मी सही केली. अक्षर चांगलं आलं, हेही तेव्हा मनात येऊन गेलं. घाबरून बोललो असं मी म्हणणार नाही. बोलताना बरं वाटत होतं.

पावसाळा सरता सरता निकाल आला, इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. किसना आणि सरू समोर बसले. कागदात स्पष्ट होतं — गावच्या शाळामास्तरच्या जबाबावरून विकार बालपणापासूनचा असल्याचे सिद्ध होते. ती ओळ मी गाळली. अपील नामंजूर, एवढंच वाचलं.

किसनाने कागद माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे बे. तू तं चांगलंच लिवलं व्हतं. सरकारले पटलं नाई, त्याले तू काय करशीन?"

मोठ्या दवाखान्यातला इलाज राहिला तो राहिलाच. पुढे दोन-तीन वर्षांनी एका हिवाळ्यात त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला. बैलांच्या दमणीत घालून बुलढाण्याला नेलं. तो डोळा गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पू डोक्यात चढला आणि किसना गेला. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. मळ्याच्या बांधापर्यंत गर्दी. आणि मी त्या गर्दीत उभा राहून काय विचार करत होतो, सांगू? माझ्या वेळी एवढे लोक येणार नाहीत.

सरूने मळा सांभाळला, मुलीचं लग्न केलं. जावई शिकलेला मिळाला, कचेरीत कारकून. एकदा तिने मला घरी बोलावलं. हातात तो निकालाचा कागद होता.

"भाऊजी, पेटीत सापडला. जावईबुवा म्हन्तेत, अजून वरती लिवता येते, विधवेले काई भेटते. त्याईले वाचाले देऊ काय?"

मी कागद घेतला, घडी उघडली, वाचल्यासारखं केलं. म्हणालो, "याच्यात आता काही नाही, वहिनी. उगीच आस लागेल. जाळून टाका."

तिने मान डोलावली. कागद चुलीत सरकवला, त्यावर चहाचं आधण ठेवलं. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "तुमी व्हते म्हून आमाले आधार."

मी चहा प्यालो. चांगला झाला होता. तिला तसं सांगितलं आणि घरी आलो.