शैलाताईंचे चार पवित्रे

शैलाताई माणसाला भेटल्या की आधी त्याच्या पायांकडे बघत, चेहऱ्याकडे नंतर. दिवाळीच्या कार्यक्रमात, स्टेशनवर, सुपरमार्केटच्या रांगेत, कुठेही. समोरचा माणूस नाव-गाव सांगत असताना त्यांची नजर खाली उतरायची आणि क्षणभर तिथेच थांबायची. काहींना वाटायचं, आपल्या बुटांना काही लागलंय की काय. पण बुटांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हा माणूस कोणत्या पायावर वजन टाकून उभा आहे आणि आत्ता कुणी त्याला जरासा धक्का दिला तर तो कुठे कलंडेल, हे त्या बघत असायच्या. "काय करू, डोळ्याला सवयच लागलीया," असं त्या म्हणत आणि मगच हसून नमस्कार करत.

माझी त्यांची भेट झाली ती पाठदुखीमुळे. मी पुण्याहून नेदरलँड्समधल्या टिलबर्गला आलो तो माल वाहतुकीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरली, म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. तिने गोळ्या काही दिल्या नाहीत. कंटाळा येणार नाही असा एखादा खेळ शोधा, म्हणाली. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की जवळच्या शाळेच्या व्यायामशाळेत संध्याकाळी तलवारबाजी शिकवतात. तीही ऑलिम्पिकमध्ये दिसते तसली नव्हे, तर दोन्ही हातांनी धरायची लांब जर्मन तलवार, कैक शतकांपूर्वीच्या हस्तलिखितांतून शोधून काढलेली. मी निव्वळ कुतूहलापोटी गेलो.

आत पाहतो तर उंचच उंच डच माणसं ओळीने तलवारी धरून उभी, आणि त्यांच्यामधून जाड काळं जाकीट घातलेल्या, पिकल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधलेल्या एक बुटक्याशा बाई फिरताहेत. कुणाचं कोपर खाली दाब, कुणाची टाच बाहेर वळव, असं चाललेलं. माझ्यापर्यंत आल्या, पाय पाहिले आणि इंग्रजीत विचारलं, कुठचे? मी म्हणालो, इंडिया, पुणे. त्यांनी मान वर केली.

"पुण्याचे व्हय? मग असं काय उभारलायसा, बसची वाट बघत असल्यागत? गुडघा वाकवा."

टिलबर्गच्या त्या व्यायामशाळेत मराठी ऐकून मी इतका गोंधळलो की गुडघा खरंच वाकवला.

शैलजा माने हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातलं. तिकडच्या बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी सांगतो' असंच बोलत. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या टिलबर्गला आल्या आणि दुसऱ्याच वर्षी विलासराव हृदयविकाराने गेले. बहिणीला परत न्यायला दोघे भाऊ आले होते. त्यांच्याशी काय बोलणं झालं हे शैलाताईंनी मला एकदाच सांगितलं, तेही सायकलला कुलूप लावता लावता. भावांचं म्हणणं होतं की इथे तुझं कोण आहे? "मी म्हटलं, तिकडं मी विलासरावांची बायको म्हणून बसून राहणार. इथं निदान मला उद्या सकाळी कुठंतरी जावं लागंल." भाऊ परत गेले. या डच शिकल्या, आणि एका गोदामात ट्रकांच्या वेळा ठरवायच्या कामाला लागल्या.

तलवारीचं वेड लागलं ते त्याच दिवसांत. डचच्या वर्गाहून परतताना याच व्यायामशाळेच्या खिडकीतून त्यांना तलवारी घेतलेली माणसं दिसली. त्यांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती माणसं भांडत नव्हती, नुसती उभी होती. इतका वेळ हातात तलवार घेऊन कुणी नुसतं उभं का राहील, हे विचारायला त्या आत गेल्या, आणि मग तिथल्याच झाल्या. मी जाईपर्यंत नवशिक्यांचा सगळा वर्ग त्यांच्याकडेच होता.

नवशिक्यांना आधी चार पवित्रे. जर्मन नावं ओक्स, प्फ्लुग, आल्बर आणि फोम टाग. शैलाताईंनी मला ती अशी सांगितली: "ओक्स म्हणजे बैल. मूठ डोक्याशेजारी, टोक समोरच्याच्या तोंडावर, शिंगासारखं. प्फ्लुग म्हणजे नांगर. मूठ कमरेशी, टोक वर चढलेलं. आल्बर म्हणजे खुळा. टोक जमिनीकडं, सगळं अंग उघडं. आणि फोम टाग म्हणजे छपरावरनं. तलवार खांद्यापाशी उभी, वरनं कोसळायला तयार." मग म्हणाल्या, "बैल, नांगर, खुळा, छप्पर. ही पोथी लिहिणारा आमच्याच गावचा असणार."

वर्गातल्या डच मंडळींना बैल आणि नांगर हे शब्द त्यांच्या भाषेतही जवळपास जर्मनसारखेच असल्याने वेगळे समजावून सांगावे लागत नसत. पण त्यांना शैलाताईंचा 'खुळा' फार आवडायचा. टिलबर्गच्या बाजूची, म्हणजे ब्राबांट प्रांतातली माणसं त्यांच्या मऊ घशातून 'खुळा' असा काही म्हणत की गडहिंग्लजच्या बाजारातही कुणी वळून पाहिलं नसतं.

पवित्रा या शब्दाबद्दल त्या फार हळव्या होत्या. मराठी बातम्यांत रोज कुणी ना कुणी आक्रमक पवित्रा घेतल्याचं वाचून त्या वैतागत. "घेतात म्हणे पवित्रा. फोटो बघ, गुडघे सरळ." त्यांचं खरं म्हणणं असं, की पवित्रा ही थांबायची जागाच नव्हे. एका पवित्र्यातून वार निघतो आणि दुसऱ्या पवित्र्यात जाऊन संपतो. तिथून पुढचा निघतो. "फोटो काढायला उभारलास तर मार खाशील. निघायच्या बेतात असल्यागत उभार." महिनाभरात त्या मला अहो-जाहोवरून अरे-तुरेवर घेऊन आल्या, आणि माझी पाठ कधी दुखायची थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी कामावर जाताना बर्फावरून त्यांची सायकल घसरली. पडल्या त्या उजव्या खांद्यावर. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर उचलला की खांदा अडकायचा. फिजिओथेरपिस्टकडे खेपा झाल्या आणि शेवटी तिने स्पष्ट सांगितलं की आता याहून फारसं काही सुधारणार नाही. चार पवित्र्यांपैकी बैल आणि छप्पर हे दोन वरचे. ते गेले.

क्लबचा अध्यक्ष योस्त हा फार भला माणूस. शैलाताई वर्गावर परत आल्या त्या संध्याकाळी सराव संपल्यावर कॉफी घेता घेता त्याने विषय काढला. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो आणि तोवर मला डच कळू लागलं होतं. त्याचं म्हणणं असं की नवशिक्यांना चारही पवित्रे डोळ्यांनी दिसायला हवेत, तेव्हा हा वर्ग आता एखाद्या तरुण माणसाकडे द्यावा. शैलाताईंनी मानद सदस्य व्हावं, हवं तेव्हा यावं. तो ओशाळून बोलत होता. शैलाताईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग कप खाली ठेवला.

"योस्त, मला हात वर करता येत नाही, हे खरं आहे. मला शिकवता येत नाही, असं तुझं म्हणणं आहे का? असेल तर तसं सांग, मी उद्यापासून येणार नाही. पण या दोन गोष्टी एकत्र करू नकोस."

योस्त म्हणाला, नाही, तसं माझं म्हणणं नाही. मग वरचे दोन पवित्रे दाखवणार कोण, असं त्याने विचारलं. शैलाताईंनी माझ्याकडे बोट केलं. त्याने भुवया उंचावल्या, कारण मी काही क्लबातला नावाजलेला तलवारबाज नव्हतो. त्या म्हणाल्या, "याला अजून स्वतःचं काही येत नाही. म्हणून मी सांगीन तेच करेल." मला राग यायला हवा होता, पण त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की मी मान हलवली.

मग दर शनिवारी सकाळी त्यांच्या घरामागच्या छोट्याशा अंगणात माझी तालीम सुरू झाली. कुंपणापलीकडचे आजोबा कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने बघत उभे असत. शैलाताई हातात काठी घेऊन माझ्याभोवती फिरायच्या. मनगट एवढंसं वळव, अंगठा पात्याखाली घे, खांदा कानाला चिकटवू नकोस. स्वतःच्या हाताने जे क्षणात दाखवता आलं असतं ते शब्दांत सांगायचं, म्हणजे त्यांनाही ते नव्याने शोधावं लागत होतं. कधी शब्द सापडायचा नाही. मग डोळे मिटून, तो हात नुसता मनात उचलून बघायच्या आणि सांगायच्या. मधल्या सुट्टीत ठेचा लावलेला चीजचा पाव मिळायचा.

एकदा मी आत कॉफी ओतत होतो. खिडकीतून पाहिलं तर त्या अंगणात एकट्याच तलवार घेऊन उभ्या होत्या. डावा पाय पुढे, गुडघे मऊ. तलवार छातीपर्यंत सहज आली आणि अडकली. त्यांनी खाली घेतली, पुन्हा उचलली. पुन्हा तिथेच. मग त्या पायरीवर बसल्या आणि तलवार मांडीवर आडवी ठेवली. मी कप घेऊन बाहेर गेलो आणि शेजारी बसलो. कॉफी निम्मी झाल्यावर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं छपरावरनं शिकवलं. आता अंगणातनं शिकवतो. इथनं छप्पर जरा जास्तच नीट दिसतंय बघ." ते त्या उगीच म्हणत नव्हत्या. त्या वर्षी आमच्या नवशिक्यांचा बैल आणि छप्पर पाहून योस्तने स्वतः येऊन मला विचारलं की तो अंगठ्याचा प्रकार काय आहे, जरा परत दाखव.

वसंतात झूटरमेर गावच्या क्लबाशी मैत्रीचे सामने ठरले. शैलाताईंनी नाव दिलं. कुणी अडवलं नाही, पण सगळ्यांच्या मनात धाकधूक होती, माझ्या तर फारच. समोर आला तो त्यांच्याहून हातभर उंच, अंगापिंडाने दांडगा तरुण. शैलाताईंनी खुळ्याचा पवित्रा घेतला. टोक जमिनीकडे, डोकं, खांदे, छाती सगळं उघडं. त्या पोराने त्यांच्या खांद्याबद्दल ऐकलं असावं. तो लांबून हलके हलके वार टाकायला लागला. शैलाताईंनी हात करून सामना थांबवला, चेहऱ्यावरची जाळी काढली आणि त्याला शांतपणे डचमध्ये सांगितलं, "तू मला सांभाळून घेतोयस. सांभाळायचंच असेल तर चल, तिकडे बसून कॉफी पिऊ. खेळायचं असेल तर खेळ."

पोरगा लाजला, मान लववली, आणि मग खरंच आला. छपरावरून सणसणीत वार, थेट डोक्यावर. शैलाताई वारासमोरून तिरक्या बाजूला सरल्या आणि जमिनीकडचं टोक नांगरासारखं वर आलं. हात छातीपर्यंतच आले, त्याहून वर यायची गरजच नव्हती. तो आपल्याच वेगाने त्या टोकावर आला आणि सरावाची लवचीक तलवार त्याच्या छातीवर धनुष्यासारखी वाकली. पंचांनी हात वर केला. त्यानंतर त्याने सावधपणे खेळून एक गुण घेतला, पण शेवटचा गुण मिळवून सामना शैलाताईंनी जिंकला.

पुढचे दोन्ही सामने त्या हरल्या. एकीने तर त्यांना उभंच राहू दिलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. जाकिटाची बटणं सोडून, बाकावर बसून गरम बिटरबालन, म्हणजे मांसाचे तळलेले गोळे, खात त्यांनी मला तिन्ही लढती पहिल्यापासून सांगितल्या. हरलेल्या जास्त रंगवून सांगितल्या.

पुढे मला अॅमस्टरडॅमला नोकरी मिळाली आणि मी शहराच्या झुइडओस्ट भागात राहायला गेलो. तिथल्या उंच इमारतींच्या मधे एक वस्तीचं सभागृह आहे. तिथे मी छोटा वर्ग सुरू केला. सुरिनामी, घानाहून आलेले, आपल्याकडचे, डच, असे सगळे येतात. बरेच दिवस शैलाताई म्हणत होत्या, एकदा येतो बघायला. एका रविवारी आगगाडी आणि मेट्रो बदलत आल्या. मागच्या बाकावर बसल्या आणि वर्ग संपेपर्यंत नुसत्या पोरांचे पाय बघत राहिल्या. मी मात्र उत्साहात होतो. प्रत्येक चूक सुधारताना शैलाताई असं सांगतात, शैलाताई तसं सांगतात, असं माझं चाललं होतं. माझे विद्यार्थी मागे वळून त्यांच्याकडे बघायचे.

त्यांना सोडायला मी मेट्रोच्या फलाटावर गेलो. वर्ग कसा वाटला, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. गाडी येताना दिसली तेव्हा त्याच म्हणाल्या, "पोरं चांगली उभारतात. तुझं बरं चाललंय. एक कर. आजपासनं वर्गात माझं नाव घ्यायचं बंद कर."

माझं काही चुकलं का, असं मी विचारलं.

"चुकलं न्हाई. पण तू शैलाताई म्हटलास की ती माझ्याकडं बघतात. तुझ्याकडं बघायला पायजेत. जे कळलंय ते तुझं म्हणून सांग. चुकीचं निघालं तर तुझंच निघूंदे."

गाडीचं दार उघडलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि त्या आत गेल्या. त्या अजून टिलबर्गलाच आहेत, नवशिक्यांचा वर्ग अजून त्यांच्याकडेच आहे. पण आमच्यात गुरु-शिष्य म्हणून जे काही होतं ते त्या फलाटावर त्यांनी संपवलं, हे मला गाडी निघून गेल्यावर कळलं. आता फोन येतो तो एका शिकवणाऱ्याने दुसऱ्या शिकवणाऱ्याला करावा तसा. त्या मला अडचणी सांगतात आणि माझं मत विचारतात.

पुढच्या रविवारी एका मुलीने विचारलं की खुळ्याच्या पवित्र्यात भीती वाटते, त्याचं काय करायचं? सवयीने माझ्या ओठांवर शैलाताईंचं नाव आलं. मी ते गिळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मला जे वाटत होतं ते मी माझ्या शब्दांत सांगितलं, जरा अडखळत. तिने मान डोलावली आणि पुन्हा तलवारीचं टोक खाली नेलं.

तेव्हापासून वर्गात मी त्यांचं नाव घेतलेलं नाही. लिहिण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.