दांडीवर संशय घेणारी कुसुमबाई

आमच्या राजुरीत कुसुमबाई लग्नाला आली, की बसण्याआधी खुर्ची दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. यजमानाला काय वाटेल, याची फिकीर नाही. “डोळ्यांनी पाह्यलं ते निम्मं, हातानं हलवलं ते खरं,” म्हणायची. बाई निमगाव सावाची. तरुणपणी कबड्डी गाजवलेली, पन्नाशीनंतर अंगानं चांगली भरलेली. पोरींच्या फिटनेसच्या मोठ्या स्पर्धांना पंच म्हणून जायची. वजनं उचलायची, पळायचं, दांडीला लटकून अंग वर खेचायचं, असले ते खेळ. माझी नात तेजू त्यातलीच, म्हणून मला एवढं कळतं हो, नाहीतर मी कुठली!

पंच म्हणून भारी खाष्ट. हनुवटी दांडीच्या वर गेली नाही, की “न्हाई!” म्हणून ओरडायची. ते पुलअप मोजायचंच नाही. तेजू एकदा चिडली, “मावशी, एवढंसं तर राह्यलं व्हतं!”

“एका अंगानं कच्ची भाकरी तू ताटात घेशील का गं?”

राज्याच्या निवडीची स्पर्धा मंचरला होती. शेवटचा खेळ दांडीचा, आणि दांडीवर तेजू म्हणजे वाघीण. निवड तिचीच, असं आम्ही धरूनच चाललो होतो. गुणांत तिच्या पुढं एकच पोर होती, तीही कुसुमच्याच गावची, पण दांडीवर कच्ची. आता आयोजकांचं डोकं बघा. पाहुण्यांच्या फोटोत खेळणाऱ्या पोरी याव्यात, म्हणून त्यांनी मंडपवाल्याकडून दांडी सत्काराच्या स्टेजच्या पाइपांनाच बांधून घेतली होती. कुसुम आली ती थेट दांडीला लटकली. एवढी जाडजूड बाई लोंबकळताना बघून लोक हसायला लागले.

खाली उतरून म्हणाली, “हालतीय. तिकडं पावणं नारळ घ्यायला उठलं, की इकडं दांडी झुलतीय. एकबी पोर चढणार न्हाई.”

“ओ मॅडम, पावणं खोळंबल्यात. उरका की राव!” एक आयोजक ओरडला.

“मग पावण्यांनाच लटकवा. पडलं तर शाल हाईच अंगावर टाकायला.”

शेवटी दांडीचा खेळ रद्द झाला. आधीच्या गुणांवर निवड झाली ती निमगावच्या पोरीची. तुम्हीच सांगा, मला काय वाटावं? मी सगळ्यांदेखत विचारलं, “कुसुमबाई, दांडी हालत व्हती, का गावची पोर पुढं काढायची व्हती?”

ती चिडली नाही. “घ्या संशय, आक्का. माझ्यावरबी घ्या. पोरीची मान मोडल्यावर घेऊन काय उपेग?”

बोलायला बाई हुशारच. पण माझं मन काही मानेना. मंडपवाल्यानं संध्याकाळी पाइप सोडून टेम्पोत घातले. दांडी हालत होती की नव्हती, आता कुणाला विचारायचं? पुढं आयोजकांनीही तिला बोलावणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं.

यंदा कुसुम गेली. निरोप आला तेव्हा तेजू भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, “मेल्या माणसाला बोलू नये, पण तुझी निवड तिनंच घालवली.”

“आज्जी, दांडी हालत व्हती. सकाळी सरावाला धरली, तवाच मला कळलं व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर खेळ बंद पडला असता. मला जिंकायचं व्हतं.”

म्हणजे सगळं ठाऊक असून ही पोर त्या दांडीला लटकली असती, आणि मी खाली टाळ्या वाजवत उभी राहिले असते.